राणीचं काम मले दे

जयंतीच्या आदल्या संध्याकाळी आमच्या विहारासमोर मंडप पडतो. त्या मंडपात बायकांच्या वाट्याला दोन कामं असतात, खीर करणं आणि गाणी म्हणणं. लग्न होऊन मी तेलंगणातल्या जैनथकडच्या या गावात आले तेव्हापासून असंच पाहत आले होते. मग एका वर्षी माझ्या थोरल्या जाऊबाई महिला मंडळाच्या अध्यक्ष झाल्या आणि पहिल्याच बैठकीत त्यांनी सांगून टाकलं, यंदा बायका नाटक करणार. कोणतं नाटक, ते त्यांनाही माहीत नव्हतं. "आपल्या घरात इंग्लिशची मास्तरीण हाये ना. थे पाहून घेते," असं म्हणून त्या मोकळ्या झाल्या.

मास्तरीण म्हणजे मी. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत इंग्रजी शिकवते, मराठीचेही तास घेते. आईवडील दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायचे, त्या कष्टावर मी शिकले. नाटकाशी माझा संबंध एवढाच की स्नेहसंमेलनात पोरांना दाढ्यामिशा लावून द्यायच्या. पण त्या वेळी माझ्या पिशवीत खरोखरच एक नाटक होतं.

ते मिळालं होतं हैदराबादला, इंग्रजीच्या शिक्षकांच्या प्रशिक्षणात. शेवटच्या दिवशी एक प्राध्यापक बाई आल्या. आजकालच्या कृष्णवर्णीय नाटककार बायांवर त्या बोलणार होत्या. अमेरिकेतल्या, इंग्लंडातल्या, आजही लिहीत असलेल्या बाया, त्यातल्या काही माझ्याहून वयानं लहान. जेवणानंतरचा तास होता आणि माझ्या शेजारची शिक्षिका डुलक्या घेत होती. प्राध्यापक बाई म्हणाल्या, "पूर्वीच्या नाटकांत या बायका हातात ट्रे घेऊन यायच्या, 'येस मॅडम' म्हणायच्या आणि आत जायच्या. आता त्या स्टेजवर बसल्यात आणि बोलतायत. त्यांचं बोलणं हेच नाटक." मग त्यांनी एक छोटं नाटक आमच्यात वाटून मोठ्यानं वाचायला लावलं.

त्या नाटकात दोनच बायका होत्या. एक समुद्राच्या काठी बसून शंख फोडणारी रंगारीण, आणि दुसरी राणी. फार जुन्या काळातली गोष्ट. समुद्रात काटेरी शंखात राहणारी एक गोगलगाय असते. तिच्या अंगात पांढुरक्या रसाची एक बारीक ग्रंथी असते. तो रस उन्हात धरला की आधी पिवळा होतो, मग हिरवा, मग निळा आणि शेवटी जांभळा. ढीगभर गोगलगाई फोडाव्या तेव्हा कुठं एका वस्त्राची किनार रंगायची. पण एकदा बसलेला रंग विटायचा नाही, म्हणून राजेलोकांनी तो आपल्यासाठी राखून ठेवला होता. रंग करणाऱ्यांची वस्ती मात्र गावाबाहेर. सडलेल्या गोगलगाईंचा वास गावाला सहन व्हायचा नाही ना. प्राध्यापक बाई म्हणाल्या, एवढा भाग इतिहासातला आहे. पुढचं सगळं त्या लेखिकेच्या मनातलं. तिच्या नाटकातल्या राणीचं वस्त्र वेळेवर आलं नाही, म्हणून एका दुपारी राणी स्वतःच रंगारणीच्या दारात येते आणि नाकाला पदर लावून बसते. दोघी बोलत बसतात आणि उन्हं कलतात. बस, एवढंच नाटक.

वाचताना मला पहिली लागली ती भाषा. त्या लेखिकेनं दोघींचं बोलणं तिच्या घरात बोलतात तसंच लिहिलं होतं. व्याकरण मोडलेलं, शब्दांची शेपटं गळालेली. मी वर्गात पोरांच्या 'आमी'वर रोज लाल रेघ मारणारी. 'आम्ही' लिही, 'नाही' लिही. आणि इथं एक शिकलेली, नावारूपाला आलेली बाई राणीच्या तोंडीसुद्धा आपल्या आईची बोली घालून मोकळी झाली होती. नंतर मी फोनवर शोधून अशा बायांची आणखी नाटकं वाचली. कुणाचं स्वयंपाकघरात घडणारं, कुणाचं केस विंचरता विंचरता. मोठं काही घडत नाही, पण वाचून ठेवलं तरी त्या बाया डोक्यातून जात नाहीत.

शंखांचं नाटक करायचं मी ठरवलं. प्राध्यापक बाईंनी लेखिकेकडे विचारणा करून दिली. गावात करणार असाल तर खुशाल करा, असा निरोप आला. थंडीच्या दिवसांत शाळा सुटल्यावर मी ते मराठीत आणायला बसले. आधी पुस्तकी मराठीत केलं. राणी म्हणाली, "मला अत्यंत विलंब झाला आहे." वाचून माझं मलाच हसू आलं. मग ते सगळं खोडलं आणि आमच्या गावच्या बोलीत लिहायला घेतलं, तेव्हा दोन्ही बाया एकदम तोंड उघडून बोलायला लागल्या.

कापसाची वेचणी संपत आली तेव्हा विहारात मंडळ जमलं आणि मी नाटक वाचून दाखवलं. बाया मन लावून ऐकत होत्या. वाचून झाल्यावर पहिला प्रश्न जाऊबाईंचा.

"नाटकात शुद्ध बोलतेत ना? हे तं आपल्या घरातलंच बोलनं हाये."

"मूळ नाटकही तसंच आहे, जाऊबाई. तिनं तिच्या घरातलं लिहिलंय."

"राणी बी असंच बोलन?"

"राणी बी."

त्यांना ते फारसं पटलं नाही, पण मी मास्तरीण म्हणून त्यांनी चालवून घेतलं. मग कामं वाटायचा विषय निघाला. आणि जाऊबाई हसत हसत म्हणाल्या, "रंगारीण तं आपल्या अक्काले द्या. तिले सोंग काढाची गरजच नाई. वास बी घरचाच."

बाया खो खो हसल्या. अक्का दाराजवळ बसली होती. तीही हसली.

अक्काला सगळा बाजार अक्काच म्हणतो, मराठी माणसंही आणि तेलुगूही. ती सुकट आणि बोंबील विकते. आदिलाबादहून माल आणायचा, आठवड्याच्या बाजारात टोपली मांडून बसायचं, उरलं ते गावोगाव फिरून खपवायचं. उंच, काळीसावळी, आवाजाला खणखणीत. नवरा लवकर गेला. मुलगी किनवटला दिलेली, मुलगा आदिलाबादला कामाला. वयानं ती माझ्याहून बरीच मोठी. नवी नवरी म्हणून मी गावात आले तेव्हापासून ती मला मास्तरीण म्हणते आणि अरेतुरे करते. विहारात ती नेहमी दाराजवळच बसायची. वारा लागतो, म्हणायची.

त्या दिवशी हसून झाल्यावर ती उठली, "मले काम हाये," म्हणाली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना मी तिच्या घरी गेले. ती अंगणात हातांना लिंबाची फोड चोळत होती. बाजारातून आली की ती हे रोज करते. मला बघून तिनं बाज पुढं सरकवली.

मी म्हटलं, "अक्का, काल जाऊबाई बोलल्या ते मनावर घेऊ नका."

"मी हासली ना बा."

"हो, हसलात."

"नाई हासली असती तं सगळ्याइले समजलं असतं का हिले लागलं म्हनून." तिनं लिंबू टाकलं आणि हात धुतले. "मास्तरीण, मले नाटकात यायचं हाये. लहानपनी मी लय नकला करो. पन थे शंखवालीचं काम मी नाई करत. थे तं मी रोजच करून राह्यली. राणीचं काम मले दे."

मला हे सुचलंच नव्हतं. राणी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर आमच्या पाणीपुरवठ्याच्या कारकुनाची बायको होती. गोरी, नाजूक, तिच्याकडे चांगल्या साड्याही होत्या. मी म्हटलं, "बघते."

"पाह्यते म्हंजे? राणी काय आभायातून पडते? सिंगार केला का कोनबी राणी दिसते."

घरी येऊन मी मूळ नाटकाचं पहिलं पान काढलं. पात्रांच्या नावांखाली लेखिकेनं एक ओळ लिहिली होती: दोघी काळ्याच असाव्यात, राणीसुद्धा. मराठीत करताना ती ओळ मी सोडूनच दिली होती. तिकडची गोष्ट, आपल्याकडे सगळेच थोडेफार काळे, असं वाटलं होतं. आता मी त्या ओळीपाशी थांबले. राणी गोरी घेतली असती तर नाटक फार सोपं झालं असतं. एक वरची, एक खालची, संपलं. या बाईला ते नको होतं. तिला दोघी एकाच मातीच्या हव्या होत्या, आणि तरीही एकीनं नाकाला पदर लावलेला हवा होता. आमच्याकडे शेताला काळी म्हणतात. काळीत गेलो होतो, काळी पिकली, असं मायेनं बोलतात. आणि तोच शब्द पोरीच्या रंगाला लागला की घरात सुस्कारे सुरू होतात. मी ती ओळ मराठीत लिहिली आणि 'काळ्याच' हा शब्द तसाच ठेवला.

पुढच्या बैठकीत मी सांगितलं की राणी अक्का होतील. जाऊबाई माझ्याकडे पाहत राहिल्या. "राणी? अक्का?"

"लेखिकेनंच तसं लिहिलंय, बघा," असं म्हणून मी इंग्रजी पान त्यांच्यापुढं धरलं. पान इंग्रजीत असल्यामुळे त्यावर वाद झाला नाही.

"मंग शंखवाली कोन?" एकीनं विचारलं.

कारकुनाची बायको पायाच्या अंगठ्यानं सतरंजीचा धागा उकरत बसली. शेवटी अक्काच दाराजवळून म्हणाली, "मास्तरीण होईन. तिले सगळं पाठ हाये."

तालमी संध्याकाळी विहारातच व्हायच्या. अक्काला वाचता येत नाही, म्हणून मी तिचं सगळं बोलणं फोनवर रेकॉर्ड करून दिलं. ती बाजारात टोपलीमागं बसून ऐकायची. गिऱ्हाइकं म्हणायची, अक्का गाणे ऐकून राह्यली. तिचं पाठांतर माझ्याहून लवकर झालं. अडचण वेगळीच होती. तिला कारण लागायचं.

"राणी स्वतः काऊन आली? मानूस नाई धाडता येत का तिले?"

मी म्हटलं, "वस्त्र उशिरा झालं म्हणून."

"त्याच्यासाठी राणी नाई येत. शिपाई येते." तिनं हातातला फोन खाली ठेवला. "तिच्या घरात तिच्याशी कोनी बोलत नसन. म्हनून आली थे."

नाटकात असं कुठंच लिहिलेलं नव्हतं. पण त्या दिवसापासून ती राणी वेगळी चालायला लागली. आधी ती जत्रेतल्या सोंगासारखी छाती काढून यायची. आता दारात येऊन थबकायची, आत कुणी आहे का हे मान वाकवून बघायची.

शंख कुठून आणायचे, हा प्रश्न होता. समुद्र आमच्यापासून फार लांब. अक्का समुद्रातली मासळी विकते, पण समुद्र तिनं एकदाच पाहिलाय, डिसेंबरात दादरला गेली होती तेव्हा, आणि तोही माणसांच्या डोक्यांमधून. शेवटी आम्ही एका रविवारी ऑटो करून पैनगंगेला गेलो. मी, अक्का, जाऊबाई आणि मंडळातल्या आणखी दोघीतिघी. ऑटोत आम्ही दाटीनं बसलो होतो, अक्का ड्रायव्हरच्या बाजूला, बाहेरच्या अंगाला. कुणी तिला तिथं बसवलं नव्हतं. तिची जागा तीच होती.

नदीला पाणी कमी झालं होतं. पलीकडच्या काठावर महाराष्ट्राच्या बाजूला कुणी म्हशी धूत होतं. ओल्या रेतीत बोटं घातली की शिंपले लागायचे, आणि दगडांच्या सावलीला नदीच्या बारक्या गोगलगाईंचे रिकामे शंख. मी लहान असताना माझी आई शिंपले उकडायची. कालवण करायची आणि टरफलं घासूनपुसून ठेवायची. माझ्या धाकट्या भावाला तिनं त्या शिंपल्यानंच दूध पाजलं. ही गोष्ट मी कधी कुणाला सांगितली नव्हती. तिथं रेतीत बसून सहज बोलून गेले, तर जाऊबाई म्हणाल्या, "आमच्या घरी बी." आणि मग एकेक जण सांगायला लागली. गोणपाट अर्धं भरलं तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. आम्ही पाय पाण्यात सोडून शेंगदाणे खाल्ले आणि निघालो.

मग कापड. विहारात नेसायची एक जुनी पांढरी सुती साडी घेऊन मी आणि जाऊबाई आदिलाबादला रंगाच्या दुकानात गेलो. दुकानदार आमच्याच भाषेतला, बापाच्या काळापासून तिथंच बसणारा. त्यानं विचारलं, "वांगी कलर पायजे का जांभळा?"

"राजाला शोभेल असा," मी म्हणाले.

"मंग जांभळा न्या." त्यानं पुडी दिली.

पुडीवर जांभळाच ठिपका होता. पण घरी मोठ्या गंजात पाणी उकळून साडी बुडवली तर ती झाली लख्ख राणी कलरची, लग्नातल्या करवलीसारखी. जाऊबाई म्हणाल्या, "राणीले राणी कलर. बरं हाये की." पण मला ती चालेना. सबंध नाटक त्या रंगावर उभं होतं. आम्ही दोघी त्या गंजाशेजारी बसून राहिलो. मग जाऊबाई उठल्या आणि आतून एक डबा घेऊन आल्या. मागच्या जयंतीला पताका रंगवून उरलेला निळा रंग होता. थोडा थोडा टाकत गेलो, काठीनं हलवत गेलो. साडीचा गुलाबीपणा बुडाला, मग ती मळकट दिसायला लागली, आणि आता बिघडली असं वाटत असतानाच वर आली ती गर्द, पिकल्या जांभळासारखी. जाऊबाईंचे हात कोपरापर्यंत रंगले होते. त्या हाताकडे बघून मी म्हटलं, "खरी रंगारीण तुम्हीच."

"जाय वं," त्या म्हणाल्या, पण खूश झाल्या होत्या.

जयंतीच्या आदल्या संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला मंडप भरला. बाया पुढं सतरंज्यांवर, पुरुष मागं खुर्च्यांवर आणि कडेनं उभे. वस्तीतली तेलुगू कुटुंबंही आली होती. भाषणं थोडी लांबली. मी पडद्यामागं जुनेर नेसून, पुढ्यात शिंपल्यांचा ढीग घेऊन बसले होते. अक्का हातभर हिरव्या बांगड्या, कपाळावर बिंदी आणि मुलीच्या लग्नातली जरीची साडी अशा थाटात उभी होती. "तोंड वायलं काऊन तुहं? तुले कोन खाऊन राह्यलं?" असं म्हणून तिनं माझ्या डोक्यावरचा पदर नीट केला.

पडदा उघडला. मी दगडानं शिंपले फोडायला लागले. आवाज माइकमधून चांगलाच मोठा येत होता. मग अक्का आली. दारात थबकली, मान वाकवून आत पाहिलं आणि माझ्याजवळच्या पाटावर बसायला गेली.

नाटकात इथं लिहिलं होतं: राणी नाकाला पदर लावते. तालमीत अक्का सरळ पदर धरायची, आम्ही पुढं जायचो. त्या संध्याकाळी तिनं तसं केलं नाही. ती पाटावर टेकली. मग हळूच, कुणाला कळू नये अशा बेतानं, माझ्यापासून चार बोटं सरकली. साडीचा घोळ उचलून मांडीखाली दाबला, म्हणजे तो माझ्या अंगाला लागू नये. पदर नाकाशी नेला नाही, नुसती घाम टिपल्यासारखी वरच्या ओठाशी धरून ठेवली त्याची कड. आणि माझ्याकडे न बघता बाहेर बघायला लागली, ऑटोतून शेतं बघावी तशी.

बाया हसल्या. पहिल्यांदा मोठ्यानं हसल्या, कारण नक्कल हुबेहूब होती. मग हसणं मधेच कुठंतरी तुटलं. मंडपातल्या प्रत्येक बाईनं ते सरकणं कधी ना कधी केलेलं होतं. आणि मी तिथं शिंपल्यांपाशी बसले होते, माझ्या अंगाला कसलाही वास नव्हता, सगळं नाटक होतं हे मला ठाऊक होतं, तरी त्या चार बोटांच्या अंतरानं माझा चेहरा तापला. पुढचं वाक्य माझं होतं. ते मला आठवेना. अक्का बाहेर बघतच हळू आवाजात म्हणाली, "बोल ना वं." माइकनं ते सगळ्यांना ऐकवलं. लोकांना वाटलं, राणीच बोलली.

मी बोलले. मग नाटक सुरळीत चाललं. राणी विचारते, रंग कसा करतात. रंगारीण सांगते. राणी विचारते, पोरं किती. रंगारीण तिलाच उलट विचारते. शेवटी रंगारीण तयार झालेलं जांभळं वस्त्र उलगडते आणि राणीला देण्याआधी स्वतःच्या खांद्यावर टाकून पाहते, जन्मात पहिल्यांदा. दोघी एकमेकींकडे बघतात आणि उजेड जातो, असा शेवट होता. मी साडी खांद्यावर टाकली. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. पण उजेड काही जाईना. हॅलोजनच्या बटणापाशी मंडपवाल्याला उभं केलं होतं, आणि तो नाटक बघत बसला होता.

आम्ही तशाच उभ्या. किती वेळ बघत राहायचं? मग अक्का पुढं आली. माझ्या खांद्यावरचा पदर तिनं हातानं सारखा केला, एक चुणी काढली, दोन पावलं मागं जाऊन पाहिलं आणि म्हणाली, "तुले बरा दिसते."

तेवढ्यात मंडपवाल्याला भान आलं आणि अंधार झाला.

टाळ्या जरा उशिरानं सुरू झाल्या. पण बराच वेळ वाजत राहिल्या. मागून एक म्हातारे गृहस्थ मोठ्यानं म्हणाले, "हे कोन्या देशातलं नाटक म्हने? हे तं आपल्या बाजारातलं हाये."

आम्ही पडद्यामागं बिंदी-बांगड्या काढत होतो तेव्हा जाऊबाई आल्या. खिरीचा गंज सोडून आल्या होत्या. अक्कापुढं उभ्या राहिल्या, पदराशी चाळा करत.

"अक्का, मी तशी करतो का वं? तशी सरकतो?"

अक्कानं बांगड्या उतरवणं थांबवलं नाही. "तूच काऊन? सगळेच सरकते. इतके वर्स पाह्यलं, म्हनून तं मले आलं."

जाऊबाई शेजारची खुर्ची ओढून अक्काजवळ बसल्या आणि तिच्या मनगटावरच्या घट्ट बांगड्या साबण लावून काढून द्यायला लागल्या. मी बाहेर गेले.

त्यानंतर गाव बदललं, असं मी म्हणणार नाही. ऑटोत लोक अजून सरकतात. अक्काला बाजारात काही दिवस राणी म्हणून हाका आल्या, मग पुन्हा अक्का सुरू झालं. जांभळी साडी तिनं मागून घेतली आणि पहिल्याच धुण्यात तिचा रंग गेला. बादलीतलं पाणी निळं, साडी फिक्कट. खरा रंग असता तर उन्हात ठेवूनही हलला नसता, असं मी तिला म्हटलं. ती म्हणाली, "मंग थो धुतल्यानं बी जात नसन तं वास बी जात नसन त्याचा." ती साडी आता ती घरात नेसते. आणि विहारात ती आत येऊन बसते, मधे खांबाजवळ. वाऱ्याबद्दल ती काही बोलत नाही, मीही विचारलेलं नाही.

नाटक बघायला माझी एक तेलुगू शिक्षिका मैत्रीण आली होती. तिची पुढं बेज्जूरकडे बदली झाली. तिकडं तिनं आमच्यावरून ते तेलुगूत केलं, तिथल्या बायांना घेऊन, आणि आम्हाला बघायला बोलावलं. मी आणि अक्का दोन बस बदलून गेलो. जंगलातला रस्ता, खिडकीतून सागाची मोठी मोठी पानं. शाळेच्या पटांगणात नाटक होतं. अक्काला बाजारामुळं तेलुगू माझ्याहून चांगलं येतं. आम्हाला पहिल्या ओळीत बसवलं होतं.

आपली राणी दुसरी कुणी करताना अक्का सबंध नाटकभर पुढं वाकून बघत होती, ओठ हलत होते. तिथली रंगारीण एक बुटकी, शांत बाई होती. शिंपले फोडताना ती मान वर करत नव्हती. राणी आली तरी हात थांबवत नव्हती. एकदाच थांबली, राणी सरकली तेव्हा, आणि पुन्हा फोडायला लागली.

नाटक संपल्यावर मैत्रिणीनं आम्हाला जेवायला वाढलं. भात, पप्पू म्हणजे त्यांच्याकडची डाळ, आंब्याचं लोणचं. तिनं विचारलं, "अक्का, ऎला उंदी? कसं वाटलं?"

अक्कानं घास संपवला. "राणी आपलीच बरी होती," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "पन मास्तरीण, रागाऊ नको, शंखवाली इची तुह्यापेक्षा चांगली हाये."

मी म्हटलं, "मलाही तसंच वाटलं," आणि लोणच्याची बरणी तिच्याकडे सरकवली.